दोरी, ओळंबा आणि मिआटा: स्पोर्ट्स कार घरीच खाली घेऊन अलाइन कशी करायची

गाडी किती खाली घ्यायची हे टायर आणि फेंडरमधली फट बघून ठरवू नका. गाडीखाली वाका आणि लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, बघा. आतल्या बोल्टपासून बाहेरच्या बॉल जॉइंटपर्यंत तो जमिनीला समांतर किंवा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असेल, तोवर ठीक. बाहेरचं टोक वर चढलेलं दिसलं की गाडी गरजेपेक्षा खाली गेली. मग ती फोटोत कितीही देखणी दिसो, वळणावर आधीपेक्षा वाईट वागेल.

माझी गाडी १९९४ ची माझदा एमएक्स-५ मिआटा, १.८ लिटरची. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची बस किंवा टेम्पो आठवतो. ही त्याच जपानी कंपनीची दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दिसली. तोशिहिको हिराई यांच्या टीमने तिच्या चारही चाकांना डबल विशबोन (वर एक आणि खाली एक आर्म असलेलं) सस्पेन्शन दिलं आणि प्रत्येक लोअर आर्मला दोन-दोन कॅम बोल्ट, म्हणजे फिरवले की आर्मची जागा सरकवणारे बोल्ट, दिले. या एका निर्णयामुळे आज माझ्यासारखी बाई न्यू जर्सीतल्या घराच्या गॅरेजात कँबर (समोरून बघता चाकाचा कल; वरची कड आत असेल तर उणे), कॅस्टर (बाजूने बघता चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कल) आणि टो (वरून बघता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) हे तिन्ही कोन स्वतः लावू शकते. पुष्कळ गाड्यांत फक्त पुढच्या टोचीच सोय असते. पहिल्या पिढीची मिआटा १९९७ पर्यंत बनत होती, आणि इथे लिहिलेलं त्या सगळ्या गाड्यांना लागू आहे.

आधी आर्मचा मुद्दा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वळताना गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि त्याची जागा आर्मच्या कोनांवरून ठरते. गाडी २५ मिमी खाली घेतली की तिचा गुरुत्वमध्य जवळपास तेवढाच खाली येतो. रोल सेंटर मात्र त्याहून जास्त खाली जातं. दोघांमधलं अंतर वाढतं. वळणावरचं बल गाडीला कलवताना हेच अंतर तरफेसारखं वापरतं. म्हणजे मूळइतक्याच कडक किंवा मऊ स्प्रिंगवर गाडी खाली घेतली, तर ती जास्त कलते. हे टाळायला खाली घेताना स्प्रिंगही कडक लागते. मी पुढे मिलिमीटरला ६ किलोची आणि मागे ४ किलोची स्प्रिंग घेतली. रोजच्या रस्त्याला हे पुरेसं कडक आहे. याच्या दुप्पट कडक स्प्रिंग विकणारे भेटतील. रेसिंगचे टायर आणि गुळगुळीत ट्रॅक नसेल तर त्यांच्या नादी लागू नका.

दुसरी मर्यादा शॉकच्या प्रवासाची. या गाडीत चाक वर जायला मुळातच जागा कमी आहे. गाडी खाली घेतली की उरलेली जागाही जाते आणि शॉक बंप स्टॉपवर, म्हणजे प्रवास संपल्यावर दणका झेलणाऱ्या ठोकळ्यावर, टेकून राहतो. वळणाच्या मध्ये तो स्टॉप दाबला गेला की त्या चाकाची स्प्रिंग एका क्षणात अनेक पट कडक झाल्यासारखी होते आणि पकड सुटते. चालवणाऱ्याला वाटतं टायर वाईट आहेत. उपाय स्वस्त आहे: दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे एनबी मिआटाचे शॉकचे वरचे माउंट बसवा. त्यांच्यामुळे वर जायला जास्त जागा मिळते. सोबत बंप स्टॉप चांगल्या प्रतीचे, हळूहळू दाबले जाणारे घ्या. शॉकच्या चकाकत्या दांड्याला एक झिप टाय सैलसर बांधून ठेवा. गाडी चालवून आलात की तो किती वर सरकला ते बघून प्रवास किती उरला हे कळतं. यापेक्षा चांगलं मोजमाप मला अजून सापडलेलं नाही.

काम सुरू करण्याआधी

एका वहीत चारही चाकांची उंची लिहा: हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. कॅम बोल्टच्या वॉशरवर रेघा कोरलेल्या असतात. प्रत्येकाची आत्ताची जागा पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवा आणि फोटो काढा.

मग त्या आठही कॅम बोल्टवर गंज काढायचं तेल मारा आणि रोज पुन्हा मारत राहा. न्यू जर्सीत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने हा बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी भागाच्या) आतल्या लोखंडी नळीला धरून बसतो. नट सुटतो, बोल्ट फिरल्यासारखाही वाटतो, प्रत्यक्षात नळीसकट फिरून बुशचं रबर फाडत असतो. म्हणून जोर लावण्याआधी नीट बघा: बोल्टचं डोकं फिरताना नळीची कडा स्थिर आहे ना? स्थिर नसेल तर थांबा. नट अर्धा वेढा पुढे, अर्धा मागे, पुन्हा तेल, असं धीराने करत राहिलं तर बरेचसे बोल्ट सुटतात. गॅसची आंच दिली तर रबर जळतं. अगदीच जाम असेल तर करवतीने कापून नवा बोल्ट आणि नवा बुश बसवणं हाच प्रामाणिक मार्ग. अर्धवट हलणाऱ्या कॅमवर अलाइनमेंट करण्यात अर्थ नाही. नवा बोल्ट घालताना अँटी-सीझ ग्रीस भरपूर लावा.

जॅक पुढे मधल्या सबफ्रेमच्या क्रॉस मेंबरखाली आणि मागे डिफरन्शियलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून लावते. पण गाडीखाली हात घालण्याआधी चार भक्कम स्टँड हवेतच, आणि काढलेली चाकं सिलखाली (दाराखालच्या कडेखाली) आडवी सरकवून ठेवायची. एकट्या जॅकवर कधीही विसंबू नका.

शॉक आणि स्प्रिंग बदलताना

मागून सुरुवात करा, तिथे सोपं आहे. डिकीतले पत्रे आणि कारपेट काढले की शॉकचे वरचे नट दिसतात. पेट्रोल भरायच्या नळीच्या बाजूचे जरा अडचणीत आहेत, तिथे लांब एक्स्टेन्शन लागतं. अँटी-रोल बारची (डावी-उजवी चाकं जोडून गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांडीची) लिंक सोडा, शॉकचा खालचा बोल्ट काढा. मग चाकाचा हब धरणारा अपराइट लोअर आर्मला ज्या लांब बोल्टने जोडलाय तो काढला की आर्म खाली झुकतो आणि शॉक बाहेर येतो. पुढे लोअर बॉल जॉइंट आर्मला जिथे बसतो ते बोल्ट काढायचे. ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येऊ देऊ नका. अपराइट दोरीने वरच्या आर्मला बांधून ठेवा.

जुन्या शॉकवरून स्प्रिंग उतरवताना कंप्रेसरच्या दोन्ही बाजू समोरासमोर लावा आणि आळीपाळीने थोड्या थोड्या आवळा. दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर तोंड किंवा छाती आणू नका. सवय नसेल तर एवढं एक काम गॅरेजमध्ये करून घ्या. त्यात पैसे वाचवण्यासारखं काही नाही.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट. आर्मचे बुश रबराचे आहेत आणि रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. आर्म हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले तर रबर त्या स्थितीत घट्ट होतं. गाडी खाली उतरवली की प्रत्येक बुश पिळलेला राहतो. तो गाडीला उगाच वर धरतो, उंचीचं माप खोटं येतं आणि काही महिन्यांत फाटतो. तेव्हा बोल्ट हाताने घट्ट होतील इतकेच बसवा. चाकं लावा, गाडी जमिनीवर आणा, बंपरवर जोर देऊन वरखाली झुलवा, जरा मागेपुढे ढकला, आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. गाडीखाली जायला जागा पुरत नाही, म्हणून मी चारही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्यांचे थर ठेवते.

उंची लावताना शॉकची खालची कॉलर, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते ती रिंग, फिरवायची. ती जेवढी सरकते त्यापेक्षा गाडी जास्त वरखाली होते, कारण शॉक आर्मवर चाकाच्या बराच आत बसतो. माझी गाडी आता हब ते फेंडर पुढे ३३० आणि मागे ३३५ मिमी आहे. हे आकडे माझ्या रस्त्यांसाठी आहेत. पुढे ३१५ च्या खाली गेलेल्या बऱ्याच मिआटा मी पाहिल्यात, आणि त्यांचे आर्म वर चढलेले असतात.

वजनाचा काटा कुणाकडून मिळाला तर चारही चाकांचं वजन करा. अँटी-रोल बारची एका बाजूची लिंक सोडून ठेवा आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवा. मी इंडियन स्टोअरमधल्या २० पौंडांच्या तांदळाच्या पिशव्या वापरते. पुढचं उजवं आणि मागचं डावं यांची बेरीज एकूण वजनाच्या ५० टक्क्यांच्या जितकी जवळ, तितकी गाडी डावी-उजवीकडे सारखी वळते. एका कोपऱ्याची कॉलर वर घेतली की त्या चाकावरचं आणि त्याच्या समोरच्या तिरक्या चाकावरचं वजन वाढतं, उरलेल्या दोघांवरचं कमी होतं. काटा नाही मिळाला तर डावी-उजवी उंची समान ठेवा आणि पुढे चला.

अलाइनमेंट

माझे वडील कोल्हापुरात बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. ओळंबा, लेव्हल पाईप आणि दोरी या तीन गोष्टींवर त्यांचा गवंडी दोन मजली घर उभं करायचा, आणि त्याच तीन गोष्टींवर गाडीही अलाइन होते. आधी जमीन. पारदर्शक नळीत पाणी भरून तिचं एकेक टोक दोन चाकांच्या जागी धरा. पाण्याच्या पातळीवरून कुठली जागा किती खाली आहे ते मिलिमीटरपर्यंत कळतं. गॅरेजच्या फरशीला बहुधा दाराकडे उतार असतो. कमी पडलेल्या चाकांखाली प्लायवूडचे तुकडे घालून चारही जागा एका पातळीत आणा आणि त्या जागा खडूने आखून ठेवा. प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत व्हिनाइल टाइल्स, मध्ये ग्रीस. त्यामुळे चाक कोन बदलताना सहज सरकतं. टायरची हवा सारखी करा, पेट्रोल अर्धी टाकी, तांदूळ सीटवर.

मग दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना, हबच्या मध्याच्या उंचीवर, स्टँडला बांधून ताणायची. दोन्ही दोऱ्या एकमेकींना आणि गाडीच्या मध्यरेषेला समांतर हव्यात. या गाडीचा मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) पुढच्यापेक्षा किंचित रुंद आहे, तेव्हा हबपासून दोरीचं अंतर पुढे जास्त आणि मागे कमी येणारच. ते बरोबर आहे. जपायचं ते इतकंच की मागच्या दोन्ही हबपासून अंतर सारखं आणि पुढच्या दोन्ही हबपासून सारखं. इथे घाई केली तर पुढची सगळी मापं फुकट जातात. माझा बहुतेक वेळ दोरी लावण्यातच जातो.

टो मोजायला स्टीलच्या पट्टीने दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर घ्या. पुढचं अंतर जास्त असेल तर चाक आत वळलेलं आहे, म्हणजे टो-इन. कँबरसाठी रिमच्या बाजूने ओळंबा सोडा आणि रिमची वरची व खालची कडा दोऱ्यापासून किती लांब आहे ते बघा. १४ इंची चाकाच्या रिमची बाहेरची कड साधारण ३८० मिमी व्यासाची असते. तिथे वर-खाली ६.६ मिमीचा फरक म्हणजे एक अंश. डिजिटल अँगल गेज असेल तर ते वापरा, पण ओळंब्याने एकदा पडताळा. कॅस्टर थेट मोजता येत नाही. चाक बाहेर २० अंश वळवून कँबर लिहा, मग आत २० अंश वळवून लिहा. दोन्हीतल्या फरकाला दीडने गुणा. कॅस्टर पुरेसा अचूक येतो.

क्रम मोडू नका: मागचा कँबर, मागची टो, पुढचा कॅस्टर, पुढचा कँबर, आणि शेवटी पुढची टो. मागची चाकंच गाडीची सरळ दिशा ठरवतात. ती तिरकी असतील तर पुढे कितीही नेमकं लावलं तरी स्टीअरिंग वाकडं राहतं.

मागच्या लोअर आर्मचे दोन्ही कॅम एकाच दिशेने सरकवले की कँबर बदलतो, वेगवेगळे सरकवले की टो. पुढे दोन्ही एका दिशेने म्हणजे कँबर, वेगवेगळे म्हणजे कॅस्टर. त्यामुळे पुढे दोघांत ओढाताण असते: जास्त कँबर हवा तर थोडा कॅस्टर सोडावा लागतो. प्रत्येक बदलानंतर गाडी झुलवा आणि पुन्हा मोजा.

माझ्या रोजच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या चालवण्याला जमलेले आकडे असे. पुढे कँबर उणे दीड अंश, कॅस्टर पाचच्या आसपास, टो शून्य ते एकूण ०.१५ अंश आत. मागे कँबर उणे १.८, टो एकूण ०.३ अंश आत, म्हणजे प्रत्येक रिमवर एक मिलिमीटर. मागे थोडी टो-इन ठेवाच. मागची टो शून्य किंवा बाहेर गेली की ही हलकी गाडी पावसात, ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर शेपूट फिरवते. फक्त ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानात शंकूंमधून एकेक गाडी वेळ मोजून पळवण्याच्या स्पर्धेला) नेणारे पुढे उणे अडीच-तीनपर्यंत जातात. त्या आकड्यांवर हायवे तुडवला तर टायर आतून खाल्ले जातात, आणि त्यात टो-आउट असेल तर फारच लवकर.

पुढची टो लावताना स्टीअरिंग नेमकं मध्ये बांधा, दोन्ही टाय रॉडचे (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे) चेक नट सैल करा आणि दोन्ही बाजूंना सारखेच वेढे द्या. नट आवळताना रॉड फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा माप.

चालवून बघताना

पहिल्यांदा ओळखीच्या रिकाम्या रस्त्यावर, हळू. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा आहे. टायरच्या कडेवर, ट्रेड आणि साइडवॉल मिळतात तिथे, खडूच्या आडव्या रेघा मारा. जोरात काही वळणं घेतल्यावर रेघ किती पुसली गेली यावरून टायर किती कलतोय ते दिसतं. पुढची बाहेरची कड रेघेच्या खालीपर्यंत घासत असेल तर कँबर किंवा हवा कमी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

इथे एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या) ऑटोक्रॉसला जाणार असाल तर आधी नियम वाचा. तिथल्या स्ट्रीट वर्गात स्प्रिंग बदललेली चालत नाही. गाडी स्ट्रीट टूरिंगमध्ये जाते आणि समोरचे स्पर्धक पुष्कळ तयारीचे असतात. नव्या माणसाने एक मोसम मूळ स्प्रिंगवर, फक्त नीट अलाइनमेंट आणि चांगल्या टायरवर काढावा असं माझं ठाम मत आहे. उणे दीड अंशाचा कँबर आणि जपून लावलेली टो यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा ३० मिमी उंचीने पडत नाही.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. त्यामुळे स्प्रिंग मागवण्याआधी आरटीओत नीट चौकशी करा. शिवाय स्विफ्ट किंवा पोलोसारख्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे आणि मागे एकसंध टॉर्शन बीम. मागचे कोन मूळ सोयीत बदलता येत नाहीत. पुढचा आर्म समांतर रेषेच्या वर गेला की चाक दाबलं जाताना उलट कँबर गमावतं. अशा गाडीला खाली घेण्यापेक्षा ताजे शॉक, नवे बुश आणि दोरीने मोजलेली टो यांचा उपयोग जास्त होतो.

मिआटावाल्यांनी दोन कामं राहू देऊ नयेत. पुढची-मागची उंची सारखी बदलली नसेल तर हेडलाइटचा झोत वरखाली होतो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून तो पुन्हा लावा. आणि साधारण ५०० किमीनंतर चाकांचे नट, शॉकचे बोल्ट, टाय रॉडचे चेक नट टॉर्क रेंचने तपासा. तेव्हाच कॅमवरच्या नव्या खुणाही बघा. हिवाळ्यानंतर इथल्या रस्त्यांवर खड्डे पडतात आणि एखाद्या जोरदार दणक्याने कॅम घसरू शकतो. खूण सरकलेली दिसली तर तो नट तसाच आवळू नका. गाडी पुन्हा टाइल्सवर घ्या, दोरी लावा आणि मागच्या चाकांपासून मोजायला सुरुवात करा.